चिंचेनं घासलेलं देऊळ

पोलीस ॲक्शननंतर निजामाचं उर्दू दफ्तर बंद झालं आणि माझ्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांची तिथली कारकुनी गेली. तेव्हापासून ते गुलमंडीत भावाच्या कापडदुकानात एका कडेला बसत आणि जुनी रोमन नाणी जमवत. त्यातही ज्यांवर देऊळ, कमान किंवा पूल असेल तेवढीच घेत. डबीत राजाचा चेहरा खाली आणि इमारत वर ठेवत. "बादशाह लई पाहिले, मास्तर," ते मला म्हणत. "इमारत बघा."

नाण्याला ते पाणीसुद्धा लागू देत नसत. वरचा हिरवा थर निघाला की खालचं कोरीव कामही जातं, हे त्यांनीच मला शिकवलं. पण एका ईदेआधी त्यांच्या बिवीनं, म्हणजे आमच्या भाभींनी, तांब्याच्या भांड्यांबरोबर एक नाणंही चिंचेनं घासून लख्ख केलं. त्यावरचं सहा खांबांचं देऊळ पार पुसून गेलं. त्यांनी भाभींशी कितीतरी दिवस अबोला धरला. पुढच्या ईदेला भाभी नव्हत्या.

गेल्या महिन्यात मी मुंबईहून अगदी तसंच नाणं त्यांच्यासाठी शोधून आणलं. त्यांनी भिंग लावून सहाही खांब मोजले, मान डोलावली आणि नाणं माझ्या हातात परत ठेवलं.

"अच्छा आहे. पण हे माझ्याकडं हाय ना."

मग त्यांनी डबीतून ते तांबडं, गुळगुळीत नाणं काढलं आणि त्यावरून अंगठा फिरवला.

"बघा मास्तर," ते म्हणाले, "किती मन लावून घासलंय तिनं."