पाणी न पाहिलेला टॉवेल

आमच्या लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात टॉवेलांची एक थप्पी आहे. त्यांतल्या एकानेही आजवर पाणी पाहिलेलं नाही, आणि पाहूही नये, कारण ते मानाचे टॉवेल आहेत. आमच्या नाशिक जिल्ह्यात लग्न असो, साखरपुडा असो की वास्तुशांत, यजमान पाहुण्याच्या डोक्यावर पांढरी टोपी ठेवतो, खांद्यावर टॉवेल टाकतो, दोघे एकमेकांना हात जोडतात आणि पाहुणा तो टॉवेल घरी नेऊन कपाटात ठेवतो. पुढच्या कार्यात तोच टॉवेल दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर चढतो. कापड इतकं विरळ असतं की डोळ्यांवर धरलं तरी समोरचा माणूस ओळखू येतो. त्याने अंग पुसलंच, तर पाणी पाठीवरून पोटावर जातं आणि तिथेच राहतं.

मी नाशिकच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. म्हणजे, माझी बायको सांगते त्याप्रमाणे, सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टी कुणालाच कळणार नाहीत अशा भाषेत सांगतो. ती शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे तिला असं बोलायचा अधिकार आहे असं तिला वाटतं.

तर भेटवस्तूबद्दल आमच्या शास्त्राचं म्हणणं असं की भेट द्यावीच लागते, घ्यावीच लागते आणि कधी ना कधी परत फेडावीच लागते. माणसं समजतात आपण वस्तू फिरवतो आहोत. खरं तर वस्तूच माणसांना एकमेकांच्या दारी फिरवत असते. हे मी वर्गात हातवारे करून, टेबलाभोवती दोन फेऱ्या मारून सांगतो. एकदा फेरी संपवून विचारलं, “मग भेट म्हणजे काय?” मागच्या बाकावरून उत्तर आलं, “सर, आपल्याला नको असलेली वस्तू दुसऱ्याला हसत देणं.” वर्गाने बाकं वाजवली. पुस्तकातली व्याख्या मला त्यानंतर कधी तोंडातून काढवली नाही.

त्याच आठवड्यात मी प्रयोगाला बसलो. थप्पीतला एक टॉवेल काढला, सुईदोरा घेतला आणि एका कोपऱ्यात लाल दोऱ्याने छोटासा मोर भरला. हा टॉवेल समाजात सोडायचा आणि किती फिरून तो माझ्याच खांद्यावर परत येतो ते पाहायचं! पक्ष्यांच्या पायात वाळा अडकवून सोडतात ना, तसं.

बायकोने चष्मा वर करून पाहिलं. “वांगं का भरलंत?”

“मोर आहे तो.”

“बरं. आणि ज्यांच्या खांद्यावर हा जाणार, त्यांना विचारलंत? माणसं म्हणजे प्रयोगशाळेतले उंदीर का? नीतीचा पेपरही तुम्हीच शिकवता ना?”

“नीतीचे दोन पंथ आहेत,” मी उभा राहिलो. अशा वेळी मला बसून बोलता येत नाही. “एक विचारतो हेतू शुद्ध आहे का. दुसरा विचारतो परिणाम काय होणार. माझा हेतू शुद्ध आहे आणि परिणाम शून्य. दोन्ही पंथांत मी पास.”

“हेतू शुद्ध, मोर अशुद्ध,” ती म्हणाली आणि वह्या तपासायला लागली.

माझ्या पुतण्याच्या लग्नात तो टॉवेल मी स्वतः सटाण्याच्या साडूंच्या, म्हणजे बायकोच्या बहिणीच्या यजमानांच्या, खांद्यावर टाकला. त्यांनी हात जोडले. मोर उडाला.

त्यानंतर आमची वास्तुशांत आली आणि तिथे घोटाळा झाला. बायकोने जाहीर केलं की आपल्या घरात टॉवेल-टोपीचा खेळ होणार नाही. “कुणाच्या कामाचं नाही ते कापड. आपण प्रत्येकाला कोरफडीची कुंडी देऊ. औषधी आहे, पाणी मागत नाही, मरत नाही.” मी म्हटलं, अगं, मानाची वस्तू कामाची नसते म्हणूनच ती मानाची असते. पण माझं शास्त्र आमच्या घरात फार तर दिवाणखान्यापर्यंत चालतं.

कुंड्या वाटल्या. लोकांनी हसत घेतल्या. फक्त एक माणूस हसला नाही: तिचा थोरला भाऊ. तो देवळ्याचा, कांद्याची शेती, आणि आयुष्यात टोपीशिवाय मी त्याला कधी पाहिलेला नव्हता. विहिरीत उतरतानाही टोपी असायची. त्या दिवशी मात्र तो बोडक्या डोक्याने आला होता. मला वाटलं, विसरला असेल. संध्याकाळी सगळे गेल्यावर बायको भांडी आवरता आवरता मध्येच थांबली. “दादा टोपी मुद्दाम घरी ठेवून आला होता,” ती म्हणाली. “बहिणीच्या घरची टोपी घालून परत जायचं म्हणून.”

आणि आम्ही त्याच्या हातात कोरफड दिली होती! तो ती कुंडी मांडीवर घेऊन, उघड्या डोक्याने, उघड्या जीपमधून देवळ्याला गेला.

त्यानंतर फोन बंद झाले. भाऊबीजेला तो आला नाही. कांदा काढणी आहे, असा निरोप आला. भाऊबीजेच्या दिवशी कोण काढणी करतं, हे कुणी विचारलं नाही. बायको म्हणायची, “असल्या गोष्टींवर रुसणाऱ्याला मी विचारतच नाही.” पण गॅलरीत उरलेल्या कोरफडींना ती रोज पाणी घालायची. कोरफडीला रोज पाणी लागत नाही, हे विज्ञानाच्या शिक्षिकेला मी काय सांगणार?

मधल्या काळात सटाण्याला साडूंच्या मुलीचा साखरपुडा झाला. बहीणभाऊ मंडपाच्या दोन टोकांना बसले. मी मात्र प्रत्येक खांद्यावर मोर शोधत हिंडत होतो. एका अनोळखी आजोबांचा टॉवेल कोपरा पाहायला उचलला, तर ते घाबरून म्हणाले, “घ्या, घ्या, तुम्हाला लागत असेल तर घ्या.” मोर कुठेच दिसला नाही. टॉवेल कुणीतरी पुसायला घेतला असणार, अशी मी मनाची समजूत घातली. शास्त्राचं नुकसान.

मग तिच्या या भावाच्या मुलाचं लग्न ठरलं. पत्रिका मोबाइलवर आली, खाली नमस्काराचं चित्रही नाही. वहिनींचा फोन आला तो एवढाच: “यायचं तं या बरं. हे काही बोलत नाय, पण मी सांगते.”

“जाऊ,” बायको म्हणाली, आणि बाजारातून एक जाडजूड, कांबळ्याएवढा टॉवेल घेऊन आली. “मानाचा देते त्याला. पण कामाचाही असेल. माझंही राहील, त्याचंही राहील.”

“असा टॉवेल देऊ नकोस,” मी कळवळलो. “ज्याने खरंच अंग पुसता येतं तो टॉवेल देणं म्हणजे अंघोळ कर म्हणण्यासारखं आहे.”

ती हसली नाही. टॉवेलाची घडी पुन्हा पुन्हा करत म्हणाली, “त्याने मांडवात आपल्याला मानाला बोलावलं तर मिटलं. नाही बोलावलं, तर माहेर संपलं माझं. बाकी तुमचं शास्त्र गाडीत बोला.”

गाडीत मी काही बोललो नाही. म्हणजे पिंपळगावपर्यंत.

देवळ्याजवळच्या लॉन्सवर लग्न होतं. आमच्याकडे पत्रिकेतला मुहूर्त ही एक नम्र सूचना असते. खरा कार्यक्रम म्हणजे सत्कार. माइकवाला एकेकाला पुकारत होता: आजी सरपंच, माजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच. नवरदेव घोडीवरून उतरून घामाघूम उभा, भटजी घड्याळ पाहताहेत, आणि टोप्या चढताहेत. मग नातेवाईक सुरू झाले. मामा झाले, मावसे झाले. साडूंना बोलावलं. नवऱ्या मुलाच्या शाळेतल्या गुरुजींनाही बोलावलं. आम्हाला नाही. बायको समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे अशी पाहत होती, जणू तिच्यावर काही लिहिलंय. मांडीवर तो जाड टॉवेल होता.

“चला,” ती हळूच म्हणाली. “जेवून नको, आत्ताच निघू.”

आणि माइक खाकरला. “नवरदेवाचे फुवा! आत्याचे यजमान, नाशिक रोडचे प्रोफेसरसाहेब! लवकर स्टेजवर या, मुहूर्त चाललाय!”

मी स्टेजवर गेलो नाही, पोहोचवला गेलो. बायकोने पाठीत असा हात दिला. भाऊ समोर उभा, डोक्यावर गुलाबी फेटा, चेहरा कडक. त्याने माझ्या डोक्यावर टोपी ठेवली. ती थेट कानांवर उतरली. मग खांद्यावर टॉवेल टाकला. मी हात जोडायला मान झुकवली, आणि छातीवर लोंबणाऱ्या कोपऱ्यात मला दिसला लाल मोर.

माझा मोर! फिरून आलेला! मी हसलो. हसलो म्हणजे काय, खिंकाळलो. खाली नवरदेवाची घोडी होती, तिने वर पाहिलं.

“हसाया काय झालं पाहुणं?” भावाचा आवाज खाली आला.

“हा मोर माझा आहे!” मी ओरडलो. माइकवाल्याने तत्परतेने माइक माझ्या तोंडाशी धरला होता, त्यामुळे ही घोषणा रस्त्यापलीकडच्या कांद्याच्या चाळींपर्यंत गेली. “हा टॉवेल मीच साडूंना दिला होता! खूण करून!”

वाजंत्रीही थांबली. “म्हंजे,” भाऊ एकेक शब्द टाकत म्हणाला, “माझ्या पोराच्या लग्नात मी तुमचाच जुना टॉवेल तुमच्या खांद्यावर टाकला, असं म्हणता? माइकमधून?”

परिणाम शून्य, असं मी म्हणालो होतो. मी नीतीच्या दोन्ही पंथांत एकदम नापास झालो होतो. बायको स्टेजच्या पायऱ्या चढत होती. “दादा, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस, ते घरीही असेच—”

“थांब गं.” त्याने टॉवेलाचा कोपरा धरून डोळ्यांजवळ नेला. “हे तुम्ही भरलं? हाताने?”

“हो.”

“हे वांगं?”

“मोर.”

“मोर हाय हा?” त्याने कोपरा वहिनींना दाखवला. वहिनींनी पदर तोंडाला लावला. “आन् मी समजत व्हतो, कोन्या बाईनं जीव लावून वांगं भरलंय! तुमच्या साडूंनी साखरपुड्याला खांद्यावर टाकला, तसा घडी घालून पिशवीत ठेवला मी. म्हटलं, असा भरलेला टॉवेल काय परत मिळायचा नाय. हा कोनालाच द्यायचा नाय. आमचं पाहुणं शिकलेलं मानूस, त्याला काय जाळीचं फडकं टाकायचं? म्हनून येगळा काढून ठेवला तुमच्यासाठी.”

बायको मधल्याच पायरीवर थांबली होती. “साखरपुड्याला?” ती म्हणाली. “तेव्हा तर तू बोलत नव्हतास माझ्याशी.”

“नव्हतोच बोलत,” भाऊ फेटा सावरत म्हणाला. “टॉवेल काढून ठेवाया बोलावं लागतं का?”

माइक अजून चालू होता. पंगतीतल्या वाढप्यांनीही ते ऐकलं.

बायकोने उरलेल्या पायऱ्या ओलांडून तो कांबळ्याएवढा टॉवेल त्याच्या हातांत ठेवला. मी डोळे मिटले. आता हा म्हणणार, मी काय बिनअंघोळीचा हाय का? पण त्याने घडी मोडली, सगळा चेहरा त्यात घातला आणि खसाखसा पुसला. कपाळ, मान, डोळे. बराच वेळ पुसत होता. मानाचा टॉवेल भर मांडवात ओला झाला! असं मी कुठल्याही लग्नात पाहिलेलं नाही.

“चांगला हाय,” तो आतूनच म्हणाला. “पानी वढतो.”

भटजींनी माइक हिसकावून घेतला आणि मंगलाष्टकं सुरू केली.

आता मी वर्गात फळ्यावर टॉवेलाचं वर्तुळ काढतो: माझ्याकडून साडूंकडे, साडूंकडून मेव्हण्याकडे, मेव्हण्याकडून माझ्याकडे. दिसायला सिद्धान्त पूर्ण आहे. पण मेव्हण्याने तो टॉवेल दुसऱ्या कुणालाही न देता पिशवीत ठेवला, तेवढ्या जागी वर्तुळ तुटतं. तिथे मी खडू थांबवतो, टेबलाभोवती एक जादा फेरी मारतो आणि पुढच्या मुद्द्यावर जातो. मुलांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

पुढच्या भाऊबीजेला जीप दाराशी थांबली. भाऊ उतरला तो बोडक्या डोक्याने, आणि हातात आमचीच कुंडी. तिच्यातून कोरफड चारही बाजूंनी बाहेर पडली होती.

“लय माजली,” तो म्हणाला. “पिल्लं काढून शेजारी वाटली, तरी ऱ्हायली. रिकामी कुंडी कशी आनू?”

“आमच्याकडे आहेत की गॅलरीभर!” बायको म्हणाली.

“मंग काय झालं? घ्याया लागतं.”

पाट मांडला, निरांजन लावलं. भावाला ओवाळायचं तर त्याचं डोकं झाकलेलं हवं. तो पाटावर बसला, खिशातून रुमाल काढला नाही, काही मागितलं नाही, नुसता समोर पाहत राहिला. बायको माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्याशी गेली आणि एक टोपी घेऊन आली. ती त्याच्याही कानांवर उतरली. मानाच्या टोपीचं माप कुणाच्याच डोक्याचं नसतं. जेवताना, पान खाताना, जीपमध्ये चढताना, त्याने ती काढली नाही.

निघता निघता त्याने मला बाजूला घेतलं. “पाहुणं, तो वांग्याचा टॉवेल कुठं हाय?”

“आहे कपाटात. आणि मोर आहे तो.”

“फिरवू नका आता त्याला.”

“नाही फिरवत.”

“आन् आनखी एखादा भरनार असाल,” तो जीपमधून वाकून म्हणाला, “तं आवंदा मिरची भरा. सोपी ऱ्हाते.”