कोपीच्या दारात पुष्पाबाई

बोरखळीत पुष्पावती अमोलिकइतकी भित्री बाई दुसरी नव्हती, आणि हे ती स्वतःच सगळ्यांच्या आधी सांगायची. कुकरच्या शिट्टीला ती भ्यायची. म्हणून अंगणवाडीतली तीस पोरांची खिचडी बावीस वर्षं तिनं उघड्या पातेल्यात शिजवली. आभाळ गडगडलं की खाटेखाली शिरायची. पाल दिसली तर शेजारच्या दगडाबाईला हाक मारायची. नवरा शांतवन कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचा. तो हसून विचारायचा, "अगं, तू देवाला तरी भितीस का?"

"त्यालाच तेवढी भीत न्हाई," पुष्पाबाई म्हणायची.

शांतवन जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा चिंचवडला कंपनीत लागला. ख्रिस्ती आळीतल्या दोन खोल्यांत पुष्पाबाई एकटी राहायची. अंगणवाडीत मदतनीस होती. सकाळी वस्त्यावस्त्यांवरून पोरं गोळा करायची, दुपारी पोचवायची, संध्याकाळी दाराला आतून आडणा लावून बसायची. रविवारी देवळात, म्हणजे आळीतल्या चर्चमध्ये, उपासनेला जायची ती शेवटच्या बाकावर, भिंतीकडेला.

श्रीरामपूरच्या या बाजूला बिबट्या नवा नाही. ऊस आला तसा तो आला. कुत्री न्यायचा, करडं न्यायचा, आणि माणसं त्याचीही सवय करून घेत होती. पण त्या वर्षी मार्गशीर्षात शेजारच्या गावात त्यानं अंगणातून चार वर्षांची पोर उचलली. दिवेलागणीची वेळ होती, आजी दोन हातांवर बसलेली होती. सकाळी उसात सापडलं ते बघायला गेलेली माणसं परत आल्यावर दोन दिवस जेवली नाहीत.

त्यानंतर बोरखळीचं रूपच पालटलं. साडेपाचलाच दारं लागायला लागली. माणसं पाणी भरायला जायची ती चौघं-पाचजणं, मोठ्यानं बोलत. शिरूरकडं बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जातात, असे फोटो मोबाईलवर फिरायला लागले. वनखात्याचा माणूस येऊन ग्रामपंचायतीसमोर सांगून गेला, "एकटं फिरू नका. आवाज करत चाला. आणि काही झालं तरी खाली वाकू नका. वाकलेला माणूस त्याला जनावर वाटतो." त्यानं घुंगरं लावलेल्या काठ्याही वाटल्या. पुष्पाबाईनं एक घेतली आणि उशाशी ठेवली.

कालव्याच्या कडेला आप्पासाहेबांच्या पडीक रानात ऊसतोडीवाल्यांच्या अकरा कोप्या होत्या. उसाच्या पाचटाच्या झोपड्या, एवढ्याएवढ्याशा, तीन बाजूंनी ऊस. टोळी पाथर्डीकडची. एका सकाळी दहाच्या सुमाराला पुष्पाबाई पोरं गोळा करत तिकडून चालली होती. एका कोपीच्या दाराला पत्रा लावलेला होता, बाहेरून तारेनं बांधलेला. आत कुणीतरी शिंकलं.

तिनं तार सोडली. आत नऊ वर्षांची एक मुलगी बसलेली होती, मांडीवर तीन वर्षांचा भाऊ, आणि शेजारी आणखी तीन बारकी पोरं. एकही रडत नव्हतं. पुष्पाबाईला तेच भयंकर वाटलं.

"कवापासनं बसलाय गं?"

"आई पहाटं चारला जाती. मग पत्रा लावती," मुलगी कुजबुजली. तिचं नाव राजनंदिनी, भावाचं अमृत. "आमी बोलत न्हाई. बोललं की त्याला कळतं, म्हनली आई."

"रोज?"

"परवा तो आल्ता. पाचट हुंगत हुता. मी अमृतच्या तोंडावर हात ठिवला."

पुष्पाबाई घरी आली तरी तो हात तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तिनं अंगणवाडीच्या प्रेमलाताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाई, आपलं काम दहापासून सुरू होतं. पहाटे चारला आपण काय करणार? मुकादमाला सांगा." मुकादम सूर्यभान रस्त्यावर भेटला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई कोपीत बसली की कोयता मोडला. मला काय कळत न्हाई का? पण कारखाना थांबतो व्हय?"

म्हणजे सांगायचं त्यांना सांगून झालं. आता आपलं काम संपलं, असं पुष्पाबाईनं स्वतःला समजावलं. पण पहाटे साडेतीनला तिला आपोआप जाग आली. अंधारात ती पडून राहिली आणि घड्याळाचा काटा चारवर गेला तेव्हा मनात म्हणाली, आता पत्रा लागला. दुसऱ्या पहाटेही तसंच. तिनं प्रार्थना केली ती भांडल्यासारखीच. "प्रभू, दुसऱ्या कुणाला तरी सांग. गावात एवढे बापे हायेत. मी पालीला भिते, तुला ठाऊक हाय." तिसऱ्या पहाटे ती उठली, डोक्याला मफलर गुंडाळला, बॅटरी आणि घुंगरांची काठी घेतली आणि आडणा काढला.

घरापासून कोप्यांपर्यंत कालव्याच्या कडेनं दहा मिनिटांची वाट. डाव्या हाताला सगळा ऊस. त्या दहा मिनिटांत तिच्या अंगाला घाम फुटला आणि थंडीनं दातही वाजत राहिले. पान हललं की ती थांबायची. थांबलं की आणखी भीती वाटायची, म्हणून पुन्हा चालायची. तोंडातून आवाज काढायचा असतो हे आठवलं तेव्हा तिला एकच सुचलं. देवळातलं गाणं तिनं म्हणायला घेतलं, इतक्या कापऱ्या आवाजात की शब्द तिचे तिलाच कळेनात.

राजनंदिनीची आई मनकर्णा पत्रा लावत होती. बॅटरीचा उजेड बघून ती दचकली. "कोन हाय?"

"मी. अंगणवाडीची. तुमी जा. उजाडेपातूर मी बसते पोरांपाशी."

मनकर्णा जवळ आली. "तुमी तर थरथर कापताय, मावशी."

"ते तसंच ऱ्हानार. तुमी जा."

तिनं सगळ्या कोप्यांतली मागं राहिलेली बारकी पोरं एकाच कोपीत आणून बसवली, दारात शेकोटी पेटवली आणि उंबऱ्यापाशी पाठ टेकून बसली. पोरांना म्हणाली, "गप बसायचं न्हाई. मोठ्यानं बोलायचं." पोरांना पटेना. मग ती स्वतःच गायला लागली. उजाडलं तेव्हा तिचा घसा बसला होता.

लोकांना वाटतं, चार दिवस गेले की भीती चेपते. तिची चेपली नाही. एकदा रानमांजर आडवं गेलं आणि ती वाटेतच खाली बसली, मग वाकू नये हे आठवून धडपडत उठली. तरीही ती जात राहिली.

आठ-दहा दिवसांनी सूर्यभान मुकादम सकाळी तिच्या दारात आला. बसला नाही. "मावशी, राग मानू नका. गावातली दोन मान्सं मला इचारत हुती. तुमी पोरांना तुमच्या देवाची गाणी शिकविता म्हनं. उद्या कुनी येऊन माझ्या टोळीला त्रास दिला तर? पोरं बाटविली म्हनत्याल."

बिबट्याला ती भीत होतीच, आता माणसांची भीती वर बसली. कोण माणसं, हे विचारायचाही तिला धीर झाला नाही.

"गाणी आमच्या देवळातली हायेत, हे खरं हाय," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? मला दुसरी येत न्हाईत. भ्या वाटतं म्हणून म्हनते. उद्यापासनं न्हाई म्हननार. पन मी येनार."

"येऊच नका ना."

"मग पोरांपाशी कोन बसंल?"

मुकादम निघून गेला.

त्याच रविवारी उपासना झाल्यावर मंडळीतले वडीलधारे जनार्दन पारखे तिला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, मोठं काम करताय. देवानं तुमच्यासाठी दार उघडलंय. त्या लोकांना चार वचनं सांगा, हळूहळू ऐकतील."

"न्हाई, भाऊ," पुष्पाबाई म्हणाली. पारख्यांपुढं ती आजवर कधी बोलली नव्हती. "लेकरं एकटी हायेत, एवढंच. मी दुसरं काय घेऊन गेले तर ते मुकादमाचं म्हननं खरं व्हईल."

पारख्यांनी भुवया उंचावल्या. ती घाईनं चप्पल घालून निघाली.

गाणी गेली. पण आवाज तर करायचा होता. दुसऱ्या पहाटे तिनं पोरांना पाढे म्हणायला लावले. बेचा झाला, तीनचा झाला. सातच्या पाढ्यात ती स्वतःच अडखळली आणि राजनंदिनीनं तिला सुधारलं. पोरं पहिल्यांदा हसली, मोठ्यानं, पहाटे पाच वाजता, उसाच्या तोंडाशी. तेव्हापासून रोज पाढे.

पौषातल्या एका पहाटे दाट धुकं पडलं. शेकोटीचं पाचट दमट होतं, नुसता धूर होत होता. पोरं आत पाढे म्हणत होती. पुष्पाबाई उंबऱ्याबाहेर फुंकणी घेऊन जाळ करत होती. तिच्या पाठीमागून अमृत कधी बाहेर गेला ते तिला कळलं नाही. लघवी लागली म्हणून तो पाच-सहा पावलांवर बैलांच्या खुंट्यापाशी जाऊन उभा राहिला होता.

तिनं मान वर केली आणि बॅटरी फिरवली. धुक्यात, उसाच्या बांधावर, तो बसलेला होता. मांजर बसतं तसा, शेपूट पायांभोवती घेऊन. बॅटरीचा उजेड त्याच्यापर्यंत गेला आणि डोळे पेटले. तो तिच्याकडे बघत नव्हता, अमृतकडे बघत होता.

पुष्पाबाई उभी राहिली. तिचा पाय उचलला गेला तो कोपीच्या आत जायला. पत्रा ओढायचा, आतून टेक द्यायची, आत बाकीची पोरं आहेत, तेवढी तरी वाचतील. हे सगळं तिच्या मनात एका श्वासात आलं. पाय आत पडलाही. मग अमृतनं चड्डी वर ओढली आणि धुक्यात तिला शोधत हाक मारली, "मावशे."

ती वळली. बॅटरी काखेत दाबून तिनं दाराशी टेकवलेली काठी घेतली. लुगडं ओलं झाल्याचंही तिला भान नव्हतं. सहा पावलं चालून ती अमृतच्या आणि बांधाच्या मध्ये उभी राहिली. पोराला उचलायचं तर वाकावं लागणार होतं, आणि वाकायचं नव्हतं. तिनं हात मागं केला आणि बोटांनी चाचपत त्याचा सदरा धरला. "माझं लुगडं धर," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "सोडू नको. मागं मागं चाल."

जनावर उठलं. दोन पावलं पुढं आलं. आत पोरांचे पाढे थांबले होते. ती शांतता तिला बिबट्याहून वाईट वाटली.

"सात एके सात!" ती किंचाळली.

आतून काही आलं नाही.

"सात दुणे चौदा! म्हना की रं!"

राजनंदिनीचा आवाज आला, "सात त्रिक एकवीस," आणि मग सगळी पोरं घसा फोडून ओरडायला लागली. पुष्पाबाई काठी आपटत, घुंगरं वाजवत, एकेक पाऊल मागं येत राहिली. सहा पावलांना किती वेळ लागला ते तिला कधीच सांगता आलं नाही. पाठ पाचटाला लागली तेव्हा तिनं अमृतला आत ढकललं, आत शिरली आणि पत्रा ओढून त्याला अंगाची टेक दिली.

बाहेर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग पाचटावर खसखस झाली, पलीकडच्या कोपीपाशी कुत्र्याचा एकच आवाज आला, आणि परत काही नाही. ऊन वर येईपर्यंत ती पत्र्याला टेकून बसली होती. पोरं तिला चिकटून बसली होती.

टोळीतल्या बाया पळत आल्या तेव्हा बांधावरच्या ओल्या मातीत पंजे उमटलेले होते. बिभीषणनं, म्हणजे अमृतच्या बापानं, तो पंजा आपल्या तळव्यानं मोजला आणि मटकन खाली बसला. मनकर्णानं पोराला घेतलं. चुलीवर पाणी तापवलं, पुष्पाबाईला आडोशाला नेलं, आपलं धुतलेलं लुगडं नेसायला दिलं, आणि तिचं ओलं लुगडं कालव्यावर जाऊन स्वतः धुवून आणलं.

दुसऱ्या दिवशी टोळी फडात गेलीच नाही. बिभीषण मुकादमापुढं उभा राहिला. "पाळीनं एक बाई मागं ऱ्हाईल. न्हाईतर अकराच्या अकरा कोयते पाथर्डीला." सूर्यभाननं दोन तास आरडाओरडा केला, कारखान्याला फोन लावले, आणि शेवटी कबूल झाला. पाळीची बाई एकटी भ्यायची, म्हणून पुष्पाबाई तिच्या सोबतीला जातच राहिली. दोघी शेकोटीपाशी बसायच्या. पुढं आठ दिवसांनी पलीकडच्या शिवारात पिंजऱ्यात एक बिबट्या अडकला. तोच होता की दुसरा, हे कुणालाच सांगता आलं नाही. वाटेवरची तिची भीती त्यामुळं काही कमी झाली नाही.

फाल्गुनात पट्टा पडला, कारखान्याचा हंगाम संपला, टोळी परत निघाली. ट्रॅक्टरवर बसण्याआधी मनकर्णानं विचारलं, "मावशी, आमी तुमचं कोन? तुमी कशापायी आलात?"

"माझ्या प्रभूला तुमची लेकरं माझ्याइतकीच सख्खी हायेत. झोप लागना मला," पुष्पाबाई म्हणाली. मग आपण न सांगायचं सांगितलं की काय, असं वाटून ओशाळली. मनकर्णा तिच्या पायाशी वाकायला लागली, तर हिनं तिला मध्येच धरून उभं केलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका रविवारी पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं. "पुष्पाबाई, देवानं तुम्हाला किती धैर्य दिलं त्याची साक्ष मंडळीला सांगा."

ती शेवटच्या बाकावरून उठली. पुढं काही गेली नाही. बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "धैर्य न्हाई दिलं. मी भ्याले हुते. अजून भिते. त्या दिवशी माझा पाय आधी कोपीत वळला हुता, पोराकडं न्हाई. ते तुमाला ठाऊक असावं. लेकरानं हाक मारली म्हणून मागं फिरले." आणि ती बसली.

पाळकसाहेब आणखी काही येईल म्हणून थांबले. शेजारी बसलेल्या दगडाबाईला कमी ऐकू यायचं. तिनं कोपरानं ढोसून विचारलं, "काय म्हनलीस गं?"

"भ्याले हुते म्हनलं."

"मग बराबर हाय," दगडाबाई म्हणाली, आणि पुढचं गाणं कुठल्या पानावर आहे ते शोधायला लागली.