मंदाताईंना न सांगितलेलं वाक्य

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा या विषयाला बगल देऊनच जोडते — त्याला सगळं कळतं म्हणे, मग मी कशाला तोंड उघडू? तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल, तर मराठी मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमात माझ्या खांद्यावर शाल पडली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी असाल. मग तर तुम्ही ऐकायलाच हवं.

शाल कशाबद्दल? समाजसेवेबद्दल. सिंगापूरमध्ये ज्या मराठी माणसांना इंग्रजी येत नाही — फार नाहीत, पण आहेत — त्यांच्याबरोबर सरकारी ऑफिसात, दवाखान्यात जायचं आणि दुभाष्याचं काम करायचं. एरवी मी तांजोंग पगारच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. एक शब्द इकडचा तिकडे होऊ देत नाही, अशी माझी ख्याती. ख्याती! माझं मलाच हसू येतं.

मंदाताई सेम्बावांगला राहायच्या. नवरा शिपयार्डात फिटर. लग्न करून इथे आल्या, इथल्याच नागरिक झाल्या आणि तीसेक वर्षं नवऱ्याच्या इंग्रजीवर निभावलं. मग तो गेला. मूलबाळ नाही, वय साठीला टेकलेलं. सरकारी मदतीसाठी अर्ज केला, तर पत्र आलं — मदत मिळेल, पण कामाच्या कार्यक्रमात जावं लागेल. आधी प्रशिक्षण, मग ते लावून देतील ती नोकरी. नाही गेलात तर मदत बंद. पत्र घेऊन त्या माझ्याकडे आल्या. "वहिनी, तुम्ही चला बरोबर," म्हणाल्या. मी गेले. अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले, आणि ती रजा त्यांना वाटेत दोनदा ऐकवली.

त्या सकाळी रस्त्यावरच्या पुलाचा जिना उतरताना मंदाताई पाठमोऱ्या वळल्या. दोन्ही हातांनी कठडा धरून, एकेक पायरी, उलट्या. गुडघ्याची वाटी झिजली की माणूस असं उतरतं. मी खाली उभी राहून घड्याळ बघत होते. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं मला म्हणताच येत नाही. कळतंय ना, मी कुठे चाललेय ते?

ऑफिसातली अधिकारी एक चिनी मुलगी होती. माझ्या लेकीपेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठी. चांगली होती. तिने विचारलं, उभं राहून काम करताना आंटींना त्रास होतो का? मी मराठीत विचारलं. मंदाताई पदर सारखा करत म्हणाल्या, "सवय झालीय आता."

तुम्ही मराठी आहात. याचा अर्थ मी सांगायला हवा का? आपल्या घरातली बाई परक्यासमोर 'दुखतं' म्हणत नाही. आधी म्हणते 'काही नाही', मग 'चालायचंच', मग 'सवय झालीय'. त्यानंतर आणखी एकदा, जरा मायेनं विचारलं, की डोळ्यांत पाणी येतं आणि खरं काय ते बाहेर पडतं. माझ्या आईचं हेच, सासूबाईंचं हेच, माझंही हेच. 'सवय झालीय' म्हणजे — इतकं दुखतं की आता बोलायचंसुद्धा सोडून दिलंय.

मी म्हटलं, "शी इज यूज्ड टू इट."

शब्दाला शब्द. परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते. मी हसतमुखाने, व्यवस्थित उच्चारात खोटं बोलले होते.

इथवर एक वेळ चूक म्हणता आली असती. पण त्या मुलीचं समाधान झालं नाही. तिने मंदाताईंच्या सुजलेल्या पायांकडे बघितलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "आंटी रिअली ओके ऑर नॉट? इफ कॅनॉट, कॅन एक्स्क्यूज वन, लाह." डॉक्टरांची चिठ्ठी आणली की कामातून सूट मिळेल, मदत तशीच चालू राहील, चिठ्ठीसाठी कुठे जायचं तेही लिहून देते — सगळं तिने सावकाश सांगितलं, मला भाषांतर करायला सोपं जावं म्हणून. मग दोघी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

मी मंदाताईंना म्हटलं, "काम करायची तयारी आहे का, विचारतेय."

"न करून सांगते कुणाला?" त्या म्हणाल्या.

आणि मी मुलीला सांगितलं — तयारी आहे.

का? विसरले? घाई होती? छे. त्या महिन्यात माझी कंबर धरली होती. शर्टाच्या आत पट्टा बांधून मी रोज ऑफिसात बसत होते आणि कुणाला कळू देत नव्हते. बारा वर्षं एम्प्लॉयमेंट पासवर काढली होती — नोकरी गेली की गाशा गुंडाळायचा, म्हणून आजारी पडायचंच नाही, हे अंगात मुरलेलं. पुढे नागरिकत्व मिळालं तरी ते गेलं नाही. तुम्ही ठीक आहात की नाही, असं मला त्या बारा वर्षांत कुणीही, एकदाही विचारलं नव्हतं. आणि इथे एक अधिकारी पेन खाली ठेवून विचारत होती — तेही दुसऱ्या कुणाला. मी जळले. हो, जळले! उलट्या पावलांनी जिना उतरणाऱ्या विधवेचा मला हेवा वाटला. शिवाय लाज वाटली, त्यांची, त्या मुलीसमोर. आपली माणसं इथे फुकटचं खायला येत नाहीत, असलं काहीतरी थोर मी मनात म्हणून घेतलं. ही सबब नाही. माझी पातळी कळावी, एवढ्यासाठी सांगतेय.

मंदाताईंना एका फूड सेंटरमध्ये काम लागलं. उष्टे ट्रे उचलायचे, टेबलं पुसायची, दिवसभर उभ्याने. मंडळात सगळे मला म्हणाले, "तुम्ही त्यांना स्वतःच्या पायावर उभं केलंत." मी म्हटलं, "छे हो, मी काय केलं?" त्याच वर्षी मला शाल मिळाली. मंदाताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. टाळ्या वाजवताना त्यांनी पाय पुढे लांब करून ठेवले होते, ते मला स्टेजवरून दिसत होते. मी दुसरीकडे बघितलं.

चौथ्या महिन्यात ओल्या फरशीवर गुडघ्याने दगा दिला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण चालणं परत आलं नाही. आता त्या वृद्धाश्रमात असतात, चाकाच्या खुर्चीत. आंघोळ दुसऱ्याच्या हातून. मी रविवारी जाते, आणि 'किती करता हो तुम्ही त्यांच्यासाठी' हे अजूनही ऐकून घेते.

मध्यंतरी त्यांच्या शेजारच्या खाटेवर एक बाई आल्या. त्यांनी हिंदीत सांगितलं की गुडघ्यांमुळे त्यांना त्या कामातून सूट मिळाली होती. मी गेले तेव्हा मंदाताई माझी वाटच बघत होत्या. म्हणाल्या, "वहिनी, अशी सूट असते, हे त्या पोरीने आपल्याला का नाही सांगितलं?"

आपल्याला.

या वेळी मध्ये इंग्रजी नव्हतं. भाषांतर नव्हतं, समोर कुणी अधिकारी नव्हती. फक्त आम्ही दोघी होतो आणि सरळ साधं मराठी. मी म्हटलं, "तेव्हा तसा नियम नव्हता, ताई."

त्या म्हणाल्या, "मग ती तरी काय करणार बिचारी! आणि मी उगाच आठवडाभर तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या." आणि त्यांचा चेहरा खरंच निवळला.

नियम होता. परवाच्या रविवारी मी पुन्हा गेले, त्यांची खुर्ची खाली बागेत फिरवून आणली, आणि तेव्हाही सांगितलं नाही.