फोनातली रतन

मानपाड्यात कुणाच्या दारी हळद लागली की मंजुळाच्या घरच्या खिडक्या बंद होत. उकाड्याने जीव गेला तरी चालेल, पण रतनचा आवाज घरात नको.

मंजुळा गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी तिचा मान. यजमान नारळ घेऊन बोलवायला येणार, मांडवात पाट मांडणार, मग ती धवला धरणार. धवला म्हणजे देवांना आणि गेलेल्या वाडवडिलांना गाण्यातून लग्नाला बोलवायचं, आणि शेवटी नवरीचं नाव घ्यायचं. नाव घेतल्याशिवाय हळद अंगाला लागत नाही. रतन तिच्या मागे बसून ओळ उचलायची. मंजुळाने श्वास घेतला की त्या जागी रतनचा आवाज भरलेला असायचाच.

मग वागळे इस्टेटातला एक स्टुडिओवाला आला. नेमकी तेव्हा मंजुळा टायफॉइडमधून उठलेली, घसा बसलेला. तो रतनला घेऊन गेला. सीडी निघाली, वर रतनचा उसनी नथ घातलेला फोटो.

"नथ तरी स्वतःची घालायची," मंजुळा म्हणाली, आणि त्या दिवसापासून दोघींचं बोलणं तुटलं.

सीडी कोण विकत घेतो? एकाने घेतली, नेटवर टाकली, आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंत सगळ्यांनी फुकटात उतरवून घेतली. स्टुडिओवाला बुडाला. त्याच्या खोलीत आता केकचे खोके बनतात म्हणे. पण मंजुळाला त्याचं काय सोयरसुतक? तिला एवढंच दिसे, की मांडवामांडवातून रतन वाजतेय आणि आपल्याकडे नारळ येत नाही.

"काकी, तुम्हाला कशाला या वयात त्रास? डाउनलोड केलंय ना," लोक म्हणत. जसं गाणं म्हणजे गच्चीवरची टाकी, एकदा भरली की झालं!

रतनच्या ओटीवर नवी फरशी बसली. "धवल्याच्या पैशाचीच," मंजुळा म्हणाली. रतन गालात हसताना दिसली. "मलाच हसतेय." रतन भाजीवाल्याकडे उभी असली तर मंजुळा पलीकडच्या गल्लीत जाई. तिथली वांगी किडकी निघत, तीही रतनच्याच नावावर जात.

अशात शेजारच्या दौलतची मुलगी समीक्षा, तिची हळद ठरली. दौलतच्या आईच्या हळदीत मंजुळाची सासू गायलेली, बायकोच्या हळदीत मंजुळा स्वतः. हे घर तरी आपलंच. मंजुळाने लुगडं काढून उन्हात टाकलं.

"आई, अजून बोलावणं कुठे आलंय?" सून दर्शना हसली.

"येईल गो. वारा लागू दे लुगड्याला."

दौलत आला. मंजुळाने आधी त्याचा हात बघितला. नारळ नव्हता.

"काकी, संध्याकाळी सगळे जेवायलाच या."

"येऊ की," मंजुळा म्हणाली. तो गेल्यावर तिने लुगडं दोरीवरून असं ओढलं की चिमटे अंगणभर उडाले.

तरी ती गेली. न जाऊन सांगते कुणाला! मांडवात पाट नव्हता, माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर होते. आणि कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर, हातात जेवणाची ताटली घेऊन, रतन. हिलाही पाट नाही? मंजुळा जरा चमकली. मग चांगलं वाटलं. मग चांगलं वाटल्याचंच कसंतरी झालं.

स्पीकर सुरू झाला. इथे कुठली खिडकी बंद करणार? मंजुळाने ते गाणं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. चाल तिचीच, हेलही तिचेच. वर रतनचा आवाज साफ, अगदी पाण्यासारखा. मंजुळाला मेली चूक सापडेना.

रेकॉर्डमध्ये दुसऱ्याच नवरीचं नाव येतं, म्हणून स्पीकरवाला दर वेळी तिथे गाणं तोडायचा, आणि घरातलं कुणीतरी नवरीचं नाव घ्यायचं. आज तो जेवायला बसलेला. त्यामुळे देव आले, वाडवडील आले आणि भरल्या मांडवात रतनच्या आवाजाने हाक मारली, "मेघना बाय, हळदीला बस."

दौलतच्या आईचा हळदीचा हात हवेतच राहिला. "मेघना कुठली इथे? माझी नात समीक्षा हाय! बंद करा ते!"

गाणं बंद झालं. मंजुळा मात्र रतनकडे बघत राहिली. मेघना मंजुळाची लेक. तिच्या हळदीत मंजुळाचा गळा असा दाटला की एक ओळ फुटेना, तेव्हा रतनने अख्खा धवला एकटीने पुरा केलेला.

मंजुळा उठून तिच्या खुर्चीपाशी गेली. "माझ्या मेघनाचं नाव घातलंस?"

"मग काय करू? काचेच्या खोलीत नवरी होती कुठे? नावाशिवाय तोंडातून धवला निघेना. डोळ्यांपुढे तीच आली."

"मला सांगितलं नाहीस."

"तू वांगी घ्यायलासुद्धा माझ्या गल्लीत येत नाहीस. सांगू कुणाला?" रतनने ताटली खाली ठेवली. "आणि मला तरी कोण बोलावतंय गो? सगळ्यांच्या खिशात मी हाय. घरात कोण बसवील?"

"फरशी तर बसवलीस."

"जावयाने बसवली. त्याचा धंदाच हाय तो."

एवढ्यात दौलत धावत आला. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातून ओढून आणलेला पाट, त्याला पीठ लागलेलं. "काकी, चुकलं. आई ऐकत नाही. तुम्ही धरा."

मंजुळाने नारळ घेतला, पाटावर बसली, आणि मागे न बघता म्हणाली, "रतन, पाट मोठा हाय. बस मागे."

धवला सुरू झाला. मंजुळाचा आवाज आता फाटका, पण श्वास संपला तिथे रतन बरोबर हजर होती. समीक्षाचं नाव आलं तेव्हा दौलतच्या आईने डोळे पुसले आणि हळद लावली.

दुसऱ्या दिवशी मंजुळाने फोन दर्शनापुढे धरला.

"रतनचं ते गाणं यात घाल."

"तुम्हाला? ते?"

"फुकट मिळतंय ना? मग घाल गपचूप."

खिडकीत बसून तिने गाणं लावलं. मेघनाचं नाव आलं तशी पदराचं टोक डोळ्यांना लावलं, आणि परत लावायला सांगितलं. परत ऐकलं. मग मान वर करून म्हणाली, "बघ, नावाच्या आधी जरा घाईच केली तिने. मी असते तर थांबले असते."