बारशाआधीचा फोटो

कुणाकडे बाळाचे फोटो काढायला गेले की विसपुतेकाका आधी कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मग कॅमेरा पिशवीतच ठेवून चांगला तासभर नुसते बसायचे. चहा घ्यायचे, आजीच्या गुडघ्यांची चौकशी करायचे, बाळाशी काहीबाही बोलायचे. "काका, फोटो कधी?" असं कुणी विचारलंच तर म्हणायचे, "अहो, पाहुणा मी आहे. त्याला माझी ओळख तर पटू द्या!"

नाशिक रोडला आमच्या कॉलनीत ते आमच्या समोरच्याच दारात राहायचे. नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले, बायको गेलेली, मूलबाळ नाही. फोटो हा त्यांचा धंदा नव्हता, नाद होता. आणि नाद तरी कसला? लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, फक्त नवी बाळं. फ्लॅशला हात लावायचे नाहीत. "झोपलेलं बाळ आणि चिडलेली बाई, दोघांच्या तोंडावर दिवा मारू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खाट खिडकीशी ओढायची, खिडकीला जुनं पांढरं धोतर बांधायचं, ऊन मऊ करून घ्यायचं. माझ्या नातवाच्या वेळी या ओढाओढीत आमच्या टीव्हीची वायर तुटली. मी तणतणले, तर म्हणतात, "ताई, टीव्ही उद्याही लागेल. हे नाक उद्या असं राहणार नाही."

त्यांचा एक नियम मात्र पक्का होता. घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईने बाळाच्या गालाला तीट लावल्याशिवाय ते कॅमेरा बाहेर काढत नसत. मी एकदा विचारलं, "तुम्ही मानता का हो नजरबिजर?" तर हसले. "मी नाही मानत. पण आजीबाईंच्या मनात धाकधूक ठेवून फोटो चांगला येत नाही."

आमच्या खालच्या मजल्यावरच्या वैशालीला मुलगी झाली. वैशालीला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच. मुलीचं काळीज जन्मापासूनच अधू निघालं. डॉक्टरांनी काय ते समजावून सांगितलं आणि घरी न्यायला सांगितलं. घरी कशाला, ते सगळ्यांनाच कळलं. नाही मानलं ते एकट्या माईंनी, म्हणजे वैशालीच्या सासूबाईंनी. "बारसं होऊन जाऊ दे, नाव पडलं की पोर धरतंय जोर," म्हणायच्या. बारशाच्या आत फोटो काढायचा नाही, असा त्यांनी घराला दमच दिला होता. ओल्या बाळंतिणीचे डोळे बिघडतात म्हणून वैशालीचा मोबाईलही काढून घेतलेला. तिने एकदा चाचरत फोटोचा विषय काढला, तेव्हा मी तिथेच होते. माई म्हणाल्या, "येवढी काय घाई लागलीय? ती कुठं चाललीय का?"



दुसऱ्या दिवशी माई सायखेड्याला गेल्या. तिथली कुणी म्हातारी लहान पोरांसाठी मुळी देते, ती आणायला. वैशालीचा नवरा कामावर. तिने मला हाक मारली. "माझ्या मोबाईलवर काढू का गं?" मी म्हटलं. ती म्हणाली, "नको काकू. एकच निघणार आहे. काकांनाच बोलवा."

काका आले. हात धुतले. पण त्या दिवशी चहा नाही की गप्पा नाहीत. मी म्हटलं, "माई घरात नाहीत, तिटेचं काय?" ते वैशालीला म्हणाले, "तू लाव, बाळा. आज या घरात तूच मोठी." तिने काजळ लावलं. मुलगी निळसर पडलेली, श्वास घेताना सगळी हलायची. काका खिडकीशी गुडघ्यांवर बसले आणि तिच्याशी बोलत राहिले, "काय ठकूबाई, बघायचं का इकडे?" ठकूबाईंनी खरंच बघितलं.

आणि नेमक्या तेव्हाच माई दारात. परतीची गाडी लवकर मिळालेली. हातात मुळीची पुडी तशीच, समोर कॅमेरा. "कुणी बोलावलं यांना?" वैशाली पांढरीफटक पडली. मी तोंड उघडणार, तोच काका उठून उभे राहिले. "माझाच आगाऊपणा, माई. सूनबाई नको नकोच म्हणत होती."

मुलगी बारशापर्यंत राहिली नाही.

मातीहून माणसं परतली आणि माई जिना चढून काकांच्या दारात गेल्या. सगळी बिल्डिंग ऐकत होती. "सोताला पोर नाय, म्हणून दुसऱ्याचं बघवलं नाय तुम्हाला! तुमच्या त्या डबड्यानं खाल्ली माझी नात!" काका हात जोडून उभे. मला राहवेना, मी पुढे झाले. त्यांनी मला डोळ्यांनीच थांबवलं आणि माई गेल्यावर म्हणाले, "बोलू नका, ताई. मला त्या घरात राहायचं नाही. तिला राहायचंय."

कॉलनीला काय, निमित्तच लागतं. त्यानंतर काकांना कुणी बाळ दाखवलं नाही. गरोदर बायका जिन्यात त्यांना बघून पदर पुढे घ्यायच्या, शिकल्यासवरलेल्यासुद्धा! मला संताप यायचा. मी म्हणायचे, "गोदाघाटाचे तरी काढा फोटो." ते म्हणायचे, "घाटाला कुठे मोठं व्हायचंय?" मुलीचा एक फोटो त्यांनी करून माझ्याकडे दिला होता, कारण वैशालीच्या घरात तो ठेवणं शक्य नव्हतं. ती विरजण मागायच्या निमित्ताने वर यायची आणि बघून जायची.

गेल्या थंडीत काका गेले. न्यूमोनियाचं निमित्त झालं. खांदा द्यायला पुतणे आले, बिल्डिंगमधले मोजकेच. वैशालीला वर यायचं होतं, पण माई म्हणाल्या, "त्या दारात पाय ठेवायचा नाय." ती दुपारी, माई झोपल्यावर माझ्याकडे आली. फोटो हातात घेऊन कितीतरी वेळ रडली. मी म्हटलं, "आता तरी सांगून टाक गं खरं. त्या माणसावरचा ठपका तरी जाऊ दे."

तिने डोळे पुसले. "सांगितलं तर त्या म्हणतील, मग तूच खाल्लीस पोरीला."

"म्हणू देत. असं काही असतं का?"

ती फोटोकडेच बघत होती. मग हळूच म्हणाली, "काकू, पण खरं सांगा. काढलाच नसता, तर राहिली असती का हो ती?"