डेन्मार्कचा नट आणि आमच्या घरचं हळदीकुंकू

बोळिंजच्या आमच्या फ्लॅटमधलं पहिलं हळदीकुंकू... दोन हजार सालानंतरची गोष्ट. त्या दिवशी एक गंमत झाली. म्हणजे बाकीच्यांची गंमत, माझी कसली!

आमचे हे जाऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. गाव खाडीकाठचं, तिथली शेती दिराकडे सोपवून मी मुलाकडे राहायला आले होते. सून सुचेता चांगली पोरगी. मला कधी उलट बोलली नाही...

सकाळपासून तिळाचे लाडू मी वळले. वाणासाठी चहाच्या गाळण्या विरारच्या बाजारातून मीच घासाघीस करून आणल्या. बायका यायची वेळ झाली तशी सुचेता हळूच म्हणाली, "आई, तुम्ही आत टीव्ही बघत बसा ना. तुमचा तो इन्स्पेक्टर लागेल आता."

लाडू माझ्या हातचे चालतात, मी नाही चालत... लाडवांचा डबा तिच्या हातात दिला. गेले आत.

आता हा इन्स्पेक्टर कोण ते सांगते. केबलवाल्याने नवीनच एक परदेशी सिनेमांचं चॅनल दिलं होतं. त्यात हा उंच, घोड्यासारख्या तोंडाचा माणूस यायचा. सुचेता म्हणाली, डेन्मार्कचा आहे. ते कुठे आलं विचारलं तर म्हणे, वरती. आमच्यासाठी वरती म्हणजे डहाणू!

भाषा कळायची नाही. खाली इंग्रजी अक्षरं पळायची, आणि मी गावच्या शाळेत सातवी... एक शब्द लावेपर्यंत तिकडे खून होऊन जायचा. मग मी अक्षरांचा नाद सोडला आणि त्याचं तोंडच वाचायला लागले.

खुनाच्या सिनेमात तो पोलीस. प्रेताजवळ उभा राहायचा, रडायचा नाही, नुसती कोटाची बटणं लावत बसायचा. आणि इकडे माझ्या डोळ्यांना धार... ह्यांना न्यायला आले तेव्हा मी पण अशीच पदर सारखा करत बसले होते. बायका म्हणाल्या, बघा, डोळ्यात टिपूस नाही.

मग एका सिनेमात एक येडा बेकरीवाला दिसला. पावाचं पीठ फुगून दुकानाबाहेर निघालंय आणि हा त्याच्यावर बसून त्याला दाबतोय. मला वाटलं, इन्स्पेक्टरचा धाकटा भाऊ असेल.

पण बोलायच्या आधी तो इन्स्पेक्टरसारखाच अंगठा बोटावर चोळायचा... भात वाळलं का बघताना आपण दाणा चोळतो ना, तसा. अरे, हा तर तोच! चालणं वेगळं, खांदे वेगळे, डोळेसुद्धा दुसऱ्याचे वाटत होते. एका अंगात एवढी माणसं कशी मावतात देव जाणे.

तर हळदीकुंकवाच्या दिवशी परत तो बेकरीवालाच लागला. आणि मी हसले. चांगली पोट धरून हसले.

बाहेर हॉलमध्ये ऐकू गेलं. मग समोरच्या फ्लॅटमधल्या शैलाताईंचा आवाज आला, "सासूबाई मजेत दिसतात गं तुझ्या." त्यावर कोणीतरी हळूच, "दोन वर्षं पण नाही झाली ना अजून?"

म्हणजे तेव्हा रडले नाही ते चुकलं, आणि आता हसते ते पण चुकलं...

सुचेता आत आली, टीव्हीचा आवाज कमी केला. "आई, जरा हळू हसा ना. बायका आल्यात."

"मग मी कोण? म्हैस?" मी विचारलं. तिला हसू आलं, पण जाताना दार लावून घेतलं.

तिथे माझं डोकं फिरलं. मला माझ्याच घरात चार बायकांत बसायचं होतं, दुसरं काही मागत नव्हते. उठले, दार सताड उघडलं आणि आवाज दुप्पट केला. "शैलाताई, या लवकर! तुमच्या मालकांसारखा दिसतोय बघा हा!"

मालकांसारखा कोण दिसतो ते बघायला बायका येणारच. एक आली, दुसरी आली, बघता बघता सगळ्या भरजरी साड्या माझ्या पलंगावर. तोंडात पदर घालून हसतायत. शैलाताई तर माझ्या मांडीवर थापा मारत होत्या... मला वाटलं, जिंकले मी.

बायका बाहेर येईनात म्हणून सुचेताच हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आत आली. पलंगावर ओळीने लावत निघाली. शैलाताईंना लावलं. पुढे मी.

तिचं बोट माझ्या कपाळासमोर आलं... थांबलं. बोटावरचं कुंकू मला दिसत होतं. सगळ्या जणी टीव्हीकडे बघायला लागल्या, पण हसत कोणीच नव्हतं. तिकडे तो बिचारा पिठात लोळत होता.

बोट पुढच्या बाईकडे गेलं.

"अगं, मधलं एक रोप राहिलं ना लावायचं," मी म्हटलं. सुचेताचे डोळे भरले. तिला लावायचं असेलही... पण समोर बायका होत्या.

काल प्रेताजवळ उभा होतास, आज असा लोळतोस कसा, असं त्या नटाला कोणी विचारत नाही. त्याचा वेश संध्याकाळी उतरतो. माझ्या अंगावर एकच चढवलाय, आणि त्याला बटणंच नाहीत.

जाताना शैलाताई दारात घुटमळल्या. "वहिनी, परत लागला तर हाक मारा हां. मजा आली."

"मारीन की," मी म्हटलं. "पण तेव्हा कपाळं घरी ठेवून या."

त्या चप्पल घालून निघून गेल्या.

बाकी त्या डेन्मार्कवाल्याचे उपकार आहेत माझ्यावर. त्याने मला रडवलं, हसवलं... आणि एकदाही माझ्या कपाळाकडे बघितलं नाही.