मी हलवलेली टेंभुर्णी

सोलापूर जिल्ह्यातलं एक अख्खं गाव मी एका बोटानं जालना जिल्ह्यात आणून टाकलं होतं. तेव्हा मी साठीची, म्हणजे तशी कोवळीच. कुणीही लिहू शकतं असा इंटरनेटवरचा मराठी ज्ञानकोश नातीनं दाखवला, तर मी आधी माझं माहेर शोधलं. टेंभुर्णीच्या पानावर लिहिलेलं, ‘जिल्हा सोलापूर’. अंगाचा नुसता तिळपापड! मी सोलापूर खोडून जालना लिहिलं. सकाळी बघते तर पुन्हा सोलापूर. मी पुन्हा जालना केलं. आठवडाभर ही कुस्ती चालली.

हे म्हणाले, “अगं, ते तुला पुरावा मागून राह्यले.”

“पुरावा कशाला? साठ वर्षांमागं मी तिथं जन्मले न्हाई का?” मी म्हटलं आणि ज्ञानकोशातल्या चर्चेच्या पानावरही तेच ठोकून दिलं. शिवाय आमच्या तालुक्याच्या जाफराबादहून गावाला जीप कुठं मिळते, तेही. टेंभुर्णी दुसरीही असू शकते, हे डोक्यात शिरायला तिथं अभिमानानं जागाच ठेवली नव्हती.

शेवटी माझं लिहिणं बंद केलं गेलं आणि ज्ञानकोश सांभाळणाऱ्या बाईंचं उत्तर आलं:

“आजी, माझंही माहेर टेंभुर्णीच, पण सोलापूरकडची. तुम्ही ती जालन्याला नेलीत. आता दिवाळीला मी कोणत्या एसटीनं जाऊ?”